मधला आवाज

गंगाखेडला गोदावरीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर माझे आजोळ आहे. त्या घरात लग्न झाले की आठ दिवसांच्या आत अंगणात गोंधळ घालायचा, हा कुळाचार. गोंधळ ही समोर खुर्च्या मांडून पाहायची गोष्ट नव्हे. पाटावर धान्याची रास, तीवर घट, नारळ, विड्याची पाने, शेजारी तेल पीत जळणारी दिवटी, असा चौक मांडलेला. त्याच्यापुढे पायघोळ झगा आणि कवड्यांची माळ घातलेला नायक. त्याच्या एका अंगाला संबळ, दुसऱ्या अंगाला तुणतुणे आणि झांज. पुढे सतरंजीवर पुरुष मंडळी, त्यांच्या पाठीमागे ओसरीवर बायका, आणि दाराच्या चौकटीत आळीतली पोरे. नायक एकेका ठिकाणच्या देवतेला नाव घेऊन बोलावतो, माहूरची उगवतीकडून, तुळजापूरची दक्षिणेकडून, आणि दर आवाहनाला मंडळींतून 'उदो उदो'चा गजर उठतो. सतरंजीच्या मध्यावर बसलेल्या माणसाला नायकाचा शब्द समोरून ऐकू येतो, संबळ एका बाजूने, तुणतुणे दुसऱ्या बाजूने, आणि गजर पाठीमागून. हा पाठीमागून येणारा गजर काढून घेतला तर गोंधळाचे निव्वळ गाणे उरेल.

२०१६ च्या मार्गशीर्षात मामेभावाच्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा माझा एक भाचा पुण्याहून ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन आला होता. त्याचा तो धंदाच आहे. त्याने म्हटले, "मामा, सतरंजीवर बसून जसा ऐकू येतो तसाच गोंधळ उतरवून घेतो." त्याने तीन मायक्रोफोन चौकाकडे लावले, दोन ओसरीच्या खांबांना बांधले, आणि एक संबळाच्या मोठ्या भांड्याजवळ जमिनीलगत ठेवला. उजाडेपर्यंत आख्यान चालले. पुढे त्याने पुण्यात बसून त्याची सहा वाटांची फाइल केली. आजकाल सिनेमाच्या तबकड्यांवर 'पाच-दशांश-एक' असे लिहिलेले असते, तो हाच प्रकार. पाच वाटा पुऱ्या आवाजाच्या, आणि सहावी फक्त खर्जाची, म्हणून तिला एक न म्हणता दशांश एक म्हणायचे.

२०२१ मध्ये आमचे गोंधळी वारले. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरचा गोंधळ त्यांच्या घराकडे होता. पुढच्या दिवाळीत मी आजोळी गेलो, तेव्हा त्यांच्या कारभारणीला मुद्दाम बोलावून आणले आणि ती फाइल घरातल्या टीव्हीला जोडली. संबळ वाजला, तुणतुणे वाजले, झांज किणकिणली. आणि नायकाचा आवाज? तो आडात पडलेल्या माणसासारखा खोल कुठून तरी येत होता, शब्द एक कळेना. बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळे आलेत की. हेच तेवढे आले न्हाईत."

त्या वाक्यामुळे मी या विषयात पडलो. माझा पिंड जुने कागद चाळणाऱ्याचा. यंत्रांशी माझा संबंध बिघडली की दुरुस्तीला नेण्यापुरता. पण सहा जणांनी मिळून उभ्या केलेल्या आवाजातून नेमका मुख्य माणूसच नाहीसा कसा होतो, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. शोधत गेलो, तेव्हा दिसले की या प्रश्नाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

आधी फाइल म्हणजे काय ते आमच्या भागातल्या भाषेत सांगतो, कारण भाच्याने मला ते तसेच समजावले. पोते वेगळे आणि पोत्यातले धान्य वेगळे. फाइलीच्या नावाच्या शेपटाला जी अक्षरे असतात ती बहुधा पोत्याची असतात. आत ज्वारी आहे की करडई, हे त्यावरून कळेलच असे नाही. म्हणून एकाच शेपटाच्या दोन फाइलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरीला 'आवाजाचा हा प्रकार चालत नाही' अशी पाटी येते. पोते उघडते, आतले धान्य दळता येत नाही. शिवाय धान्य अख्खे ठेवता येते किंवा पीठ करून ठेवता येते. वेव्ह नावाच्या प्रकारात आवाज अख्खा असतो. फ्लॅक नावाच्या प्रकारात तो घट्ट दाबून भरलेला असतो, पण पोते सोडले की दाणा न् दाणा परत मिळतो. डॉल्बी डिजिटलचा जो एसी-३ नावाचा प्रकार आहे ते मात्र पीठ. जे कानाला एरवी जाणवणार नाही असे यंत्राला वाटते ते चाळून टाकलेले. त्याची भाकरी उत्तम होते, पण त्याची पुन्हा ज्वारी होत नाही.

अख्ख्या धान्याला जागा किती लागते? सेकंदाला ४८,००० नोंदी, दर नोंदीला तीन बाइट, आणि वाटा सहा. म्हणजे एका सेकंदाला ८,६४,००० बाइट, तासाला तीन अब्जांवर. मूळ वेव्ह प्रकारात फाइलीची लांबी लिहायला जो रकाना ठेवला आहे, त्यात चार अब्ज एकोणतीस कोटींपलीकडचा आकडाच मावत नाही. तेव्हा हे भांडे एक तास तेवीस मिनिटांत काठोकाठ भरते. १९९१ मध्ये ज्यांनी हा प्रकार ठरवला, त्यांच्या डोळ्यांपुढे रात्रभर चालणारा गोंधळ अर्थातच नव्हता. पुढे मोठ्या रकान्याचे प्रकार निघाले, पण जुनी यंत्रे ते वाचत नाहीत. आमचे आख्यान भाच्याला चार तुकड्यांत ठेवावे लागले. त्यांतला एक तुकडा नेमका ओळ चालू असताना तुटतो, आणि तो तुटतो तिथे मला अजून चुकल्याचुकल्यासारखे होते. असो.

आता मुख्य गोष्ट. सहा वाटांच्या फाइलीत आवाजाइतकीच महत्त्वाची असते ती बसण्याची जागा. फाइल सांगते की पहिला आवाज डाव्या स्पीकरचा, दुसरा उजव्याचा, तिसरा मधल्याचा, चौथा खर्जाचा, पाचवा आणि सहावा पाठीमागचे डावा-उजवा. वेव्हचा क्रम हा असा. पण सिनेमावाल्यांचा जुना क्रम वेगळा. त्यांच्याकडे डावा, मग मधला, मग उजवा, मग पाठीमागचे दोघे, आणि खर्ज सर्वांत शेवटी. आणखी एका प्रकारात तर मधला पहिल्या पाटावर बसतो. पंगतीत पाने मांडली आणि नावांच्या चिठ्ठ्या उडून गेल्या, तर जावई वाढप्यांच्या जागी बसायचा, तसे येथे होते. सिनेमाच्या क्रमाची फाइल वेव्हच्या क्रमाने वाचली तर नायक उजव्या कोपऱ्यात जातो, आणि पाठीमागच्या 'उदो उदो'तला अर्धा गजर खर्जाच्या खोक्यात कोंडला जातो. वेव्हच्या सुधारलेल्या प्रकारात कोण कुठला हे सांगणारी एक खूणपट्टी फाइलीच्या कपाळावर लिहिलेली असते. पण ती लिहिणाऱ्याने लिहिली पाहिजे आणि वाचणाऱ्याने वाचली पाहिजे.

आमच्या टीव्हीने काय केले? त्याला दोनच स्पीकर. त्याने सहांपैकी पहिल्या दोन वाटा उचलल्या आणि बाकीच्या चार सोडून दिल्या. पहिल्या दोन वाटा म्हणजे डावी-उजवी, म्हणजे संबळ आणि तुणतुणे. नायक तिसऱ्या वाटेवर होता. संबळाच्या मायक्रोफोनमध्ये त्याचा जो दूरचा आवाज शिरला होता, तेवढाच आमच्या वाट्याला आला.

गरीब यंत्रापुढे श्रीमंत आवाज ठेवला तर कोणाला आधी गमवायचे, हा प्रश्न आवाजाचे नवे भांडे घडवणाऱ्या प्रत्येकाला सोडवावा लागला आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि दूर बसलेल्या श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन वेगवेगळे टेलिफोन दिले. गाणारी बाई रंगमंचावर इकडून तिकडे गेली की ऐकणाऱ्यालाही ती चालत गेल्यासारखी वाटे. ते जतन करण्याची सोय मात्र नव्हती. एडिसनचा ध्वनिलेखक त्याआधी चार वर्षे, १८७७ मध्ये निघाला होता, पण त्याला कान एकच. आपल्याकडे १९०२ मध्ये गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले, तेही एकाच कर्ण्यापुढे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. आमच्या आख्यानाला अशा किती तबकड्या लागल्या असत्या, याचा हिशेब वाचकाने करावा.

दोन कानांसाठी दोन वाटा हा विचार पक्केपणाने मांडला तो ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने, १९३१ मध्ये. तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावर माणूस एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे पाहून त्याने तिला सांगितले की मी आवाजाला माणसामागे चालायला लावीन, अशी गोष्ट सांगतात. त्याने घेतलेल्या हक्कपत्रात एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची युक्ती आहे. पुढच्या पन्नास वर्षांच्या तबकड्या याच युक्तीवर चालल्या. तो स्वतः १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. वय अवघे अडतीस. त्याच्या तबकडीची खुबी अशी की सुई साधी असली, एकाच कानाची असली, तरी दोन्ही आवाजांची बेरीज ऐकू यायची. कोणी गळत नसे.

डिस्नेने १९४० मध्ये 'फँटेशिया'साठी याच्या उलट केले. चित्रपटगृहात सर्व बाजूंनी स्पीकर लावून, आवाजासाठी वेगळी फिल्म चालवून त्याने श्रोत्याला वाद्यवृंदाने वेढून टाकले. काम अप्रतिम होते. पण ती सामग्री बसवायची म्हणजे थिएटर बंद ठेवून आठवड्याची मजुरी. म्हणून ती फार थोड्या ठिकाणी बसली, आणि बाकीच्या जगाने तो चित्रपट एकाच वाटेने ऐकला. १९७० नंतर पाश्चात्त्य घरांत चार कोपऱ्यांत चार स्पीकर विकण्याची टूम निघाली, तेव्हा तर तीन कंपन्यांनी तीन पद्धती काढल्या. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना. त्यांतल्या एका पद्धतीत पाठीमागचे आवाज ३० किलोहर्ट्झच्या, म्हणजे माणसाला ऐकूच न येणाऱ्या, लहरीवर स्वार केलेले असत. साध्या सुईने चार वेळा वाजवली की तो सूक्ष्म भाग घासून निघून जाई. पाच-सात वर्षांत सगळा बाजार उठला. त्याच काळात ऑक्सफर्डच्या मायकेल गर्झन या गणितज्ञाने म्हटले की आवाज स्पीकरागणिक ठेवूच नका, दिशेगणिक ठेवा. एक वाट सगळ्या आवाजाची, आणि तीन वाटा 'पुढे-मागे, डावे-उजवे, वर-खाली' सांगणाऱ्या. यंत्र गरीब असेल तर पहिली वाट ऐका, सर्व काही त्यात आहे. मला ही कल्पना सर्वांत शहाणी वाटते. पण तिच्या अनुयायांतही उरलेल्या तीन वाटांच्या क्रमाबद्दल दोन पंथ झालेच. पहिल्या वाटेबद्दल भांडण नाही, एवढे नशीब.

आपल्याकडे हा वेढणारा आवाज आला तो सिनेमातून. १९७५ च्या 'शोले'चा आवाज लंडनला जाऊन अनेक वाटांवर बांधला होता. मुंबईत मिनर्व्हाच्या पडद्यावर सत्तर मिलिमीटरची प्रत लागली तेव्हा नाणे खाली पडल्याच्या आवाजाने लोक आपल्या खुर्चीखाली पाहू लागले, असे सांगतात. जिल्ह्याच्या गावांना आल्या त्या पस्तीस मिलिमीटरच्या, एकाच ध्वनिपट्टीच्या प्रती. त्यांत नाणे पडद्यावरच पडे. कोणाची तक्रार नव्हती, कारण संवाद पुरेपूर ऐकू येत होते.

येथे डॉल्बी या माणसाबद्दल बोलणे भाग आहे. 'डॉल्बी' म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो मिरवणुकीतला ट्रॅक्टर, त्यावर रचलेली खोक्यांची भिंत आणि थरथरणाऱ्या खिडक्या. 'यंदा डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशा बातम्या आपण वाचतो. गंमत ही की रे डॉल्बी या अमेरिकन गृहस्थाने नाव कमावले ते आवाज कमी करण्यात. ध्वनिफितीवर जी सततची सरसर ऐकू येते, ती काढून टाकण्याची युक्ती हे त्याचे मोठे काम. १९६३ ते ६५ तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून हिंदुस्थानातच होता, चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेत. येथून गेला आणि १९६५ मध्ये लंडनला त्याने आपली प्रयोगशाळा काढली. तो २०१३ मध्ये वारला. मराठी मुलखात आपल्या नावाचा अर्थ काय झाला आहे हे त्याच्या कानावर गेले असेल असे वाटत नाही.

त्याच्या मंडळींनी १९७० नंतर सिनेमासाठी जी पद्धत बसवली, तीत पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरच्या दोन अरुंद पट्ट्यांत डावा, मधला, उजवा आणि पाठीमागचा असे चार आवाज गणिताने गुंफलेले होते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ती घरोघरी माहीत केली. तीच फिल्म जुन्या, एका स्पीकरच्या थिएटरात लावली तर काय होई? मधला आवाज दोन्ही पट्ट्यांत सारखाच असल्याने दुणावून येई, आणि पाठीमागचा आवाज दोन पट्ट्यांत एकमेकांच्या उलट असल्याने स्वतःच विरून जाई. म्हणजे हरवायचे तर आधी गजराने हरवावे, नायकाने नव्हे, हा निर्णय करणाऱ्याने आधीच करून ठेवला होता. १९९२ मध्ये आकड्यांचा आवाज आला तो त्याच फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधल्या जागेत छापलेला. १९९३ मध्ये दुसऱ्या कंपनीने फिल्मवर फक्त वेळेची खूण छापून आवाज वेगळ्या तबकडीवर ठेवला, तर तिसरीने फिल्मच्या अगदी बाहेरच्या कडा धरल्या. एकाच फिल्मवर तिघेही राहू शकत, आणि मध्ये जुनी पट्टीही तशीच. नव्यापैकी काही अडखळले तर यंत्र आपोआप जुन्या पट्टीवर उतरे. एका वाड्यात चार बिऱ्हाडे, पण विहीर एक.

आमच्या फाइलीला ही विहीरच नव्हती. भाच्याने सहा वाटा काळजीने भरल्या, पण दोन स्पीकरांच्या घरात गेल्यावर काय व्हावे याची तजवीज केली नाही. चांगले यंत्र असते तर त्याने मधल्या आवाजाला किंचित हलका करून डावी-उजवीकडे निम्मा-निम्मा वाटून दिला असता. आमच्या यंत्राने तेवढी तसदी घेतली नाही. भाच्याला फोन केल्यावर त्याने दोन वाटांची बेरीज करून पाठवली. तीत नायक परत आला. पण संबळाचा धुम् गेला! कारण बेरीज करताना खर्जाची सहावी वाट टाकूनच देतात, अशी या पद्धतीची रीत आहे. ती वाट जादा धक्क्यासाठी, मुख्य आवाजासाठी नव्हे. जमिनीलगतच्या मायक्रोफोनचा आवाज भाच्याने केवळ तिच्यातच ठेवला होता. तिसऱ्या खेपेस त्याने धुम् उचलून डाव्या वाटेत आणला, तेव्हा कुठे संच पुरा झाला.

परभणी जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही, फक्त भांडी वेगळी होती. निजामी अमदानीत येथे हैदराबादचा डेक्कन रेडिओ ऐकला जाई. १९५० मध्ये तो आकाशवाणीत विलीन झाला. परभणीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९६८ मध्ये. मध्यम लहरींवर वाट एकच. एका वाटेच्या त्या काळात जागा अंतराने दाखवत. गाणारा मायक्रोफोनजवळ, तुणतुणे दोन पावले मागे, संबळ पार भिंतीशी. डावे-उजवे मरते, पण जवळचे-लांबचे जगते. परभणीच्या राजारामभाऊ कदम यांच्या गोंधळाने या जिल्ह्याचे नाव पार मुंबईपर्यंत नेले. त्यांच्या जांभूळ आख्यानातले द्रौपदीचे मन पुढे शहरी रंगमंचानेही उचलले. तसला गोंधळ एका वाटेवरही कळतो याचे कारण मुद्रण करणाऱ्याने नायकाला कधी मागे ठेवले नाही.

दुसरा दाखला जात्यावरच्या ओव्यांचा. गंगाखेड जनाबाईचे गाव, तेव्हा हा विषय आमच्या अंगणातलाच. दोघी बायका जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात. एक ओळ टाकते, दुसरी उचलते. जात्याची घरघर दोघींच्या मध्ये. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्याखेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९० नंतर बर्नार बेल हा फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ त्यांना मिळाला आणि ओव्या आवाजासकट जतन होऊ लागल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांतला. शंभराहून अधिक तासांचे हे मुद्रण डॅट नावाच्या फितीवर झाले. ही फीत काड्यापेटीहून थोडी मोठी, चार मिलिमीटर रुंद, वाटा दोन, आवाज आकड्यांत. १९८७ मध्ये ती बाजारात आली तेव्हा हेच भविष्य असे सगळे म्हणत होते. २००५ मध्ये तिची शेवटची यंत्रे निघाली आणि कारखाना बंद झाला. आज ती फीत हातात असली तरी वाजवायचे कशावर? ओव्या वाचल्या याचे कारण त्यांच्या प्रती वेळेत झाल्या. त्या आधी गुरगावच्या संगीत-संग्रहालयात गेल्या, मग फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँसला, आणि २०१७ पासून ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहातून त्या कोणालाही ऐकता येतात. फितीची प्रत करायला फितीइतकाच वेळ लागतो. शंभर तासांना शंभर तास कोणीतरी यंत्रापाशी बसले असणार. त्यांची नावे सहसा कोणी घेत नाही.

डॉल्बीच्या आकड्यांच्या मूळ पद्धतीवरचे हक्क २०१७ मध्ये संपले, त्यामुळे ते पीठ दळणारे-भाजणारे यंत्र आता कोणीही करू शकतो. नव्या पद्धतीत तर प्रत्येक आवाज स्वतंत्र वस्तू मानतात, आणि किती स्पीकर आहेत ते पाहून यंत्र त्याला जागच्या जागी बसवते. २०१२ पासून सिनेमात ती आहे. गर्झनच्या विचाराचे हे श्रीमंत भावंड म्हणता येईल. पण ती उलगडणारे यंत्र पुन्हा एका कंपनीच्या परवान्याचे. आमच्या गोंधळाच्या बाबतीत मी भाच्याला हट्टाने सांगितले की अख्ख्या धान्याच्या सहा वेगळ्या, एकेका वाटेच्या फाइली कर. नाव मराठीत दे, 'नायक', 'संबळ', 'ओसरी डावी', आणि कोण कुठे उभा होता त्याचा नकाशा कागदावर काढून दे. तो हसला. पण नकाशा काढला त्याने. तुळशीवृंदावनासकट.

मागच्या वर्षी त्या गोंधळ्यांच्या तिथीला आम्ही सहाही वाटा एकदा अंगणातच वाजवायचे ठरवले. स्पीकर आणायचे कोठून? मामेभावाने सांगितले, "डॉल्बीवाल्याला निरोप धाडू." खरोखरच तो पोरगा टेंपोत खोकी भरून आला. भिंत रचू नकोस, एकेक खोके वेगळे ठेव, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला. भाच्याचा नकाशा हातात धरून त्याने एक चौकाच्या जागी ठेवले, दोन त्याच्या दोन अंगांना, दोन ओसरीच्या खांबांशी, आणि खर्जाचे मोठे खोके संबळाच्या बाजूला. बाई सतरंजीच्या मध्यावर बसल्या. नायकाने माहूरला हाक घातली, आणि पाठीमागून गजर उठला. बाईंनी पदर सावरला आणि मागे वळून ओसरीकडे पाहिले. ओसरीवर आम्ही चौघेच होतो.

पोरगा आपल्या यंत्रापाशी अस्वस्थ होता. एवढी खोकी आणून इतका हळू आवाज त्याने जन्मात लावला नसावा. शेवटी न राहवून त्याने विचारले, "मावशी, वाढवू का थोडा?"

"नगं," बाई म्हणाल्या. "ते एवढ्याच आवाजात गायचे."